कळ क्रमांक 123

काही महिन्यांपूर्वी आमच्या आतेबहिणीने फोनवर एक साधा प्रश्न विचारला. "आईनं घर कधी सोडलं, सांग बघू?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांला संगणकाच्या आवाजाच्या तीन कळांशी पंधरा दिवस झगडावे लागेल, असे त्या वेळी कोणी म्हणाले असते तर आम्ही हसलो असतो. (या लेखातले 'आम्ही' एकट्याचेच आहे. जुन्या निबंधकारांची ही खोड आम्हांला विद्यार्थिदशेत लागली आणि निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. वाचकांनी ती चालवून घ्यावी.)

प्रश्नामागची हकिगत अशी. 1994 च्या उन्हाळ्यात आम्ही वाई तालुक्यातल्या आत्याच्या गावी जाऊन तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. लोकसाहित्यात रस घेणाऱ्या त्या काळच्या बहुतेक तरुण प्राध्यापकांच्या शबनम पिशवीत एक कॅसेट रेकॉर्डर असे, तसा आमच्याही होता. सात कॅसेटी भरल्या. आत्याला ओव्या फारशा येत नव्हत्या, याची तेव्हा आम्हांला किंचित निराशाच वाटली होती. ती आपली सरळ बोलत असे. बोलता बोलता शेंगा फोडत असे आणि दुखऱ्या जागी आली की तोंड भिंतीकडे वळवत असे. त्या बोलण्याच्या आधारावर आम्ही 1996 साली एका त्रैमासिकात लेख लिहिला. यजमानांनी दुसरा घरोबा केला त्या वर्षाविषयी आत्याचे एक वाक्य त्यात उद्धृत केले होते : "मग म्या घर सोडलं…" त्या चार शब्दांवर आणि पुढच्या तीन टिंबांवर लेखाची सगळी इमारत उभी होती. निरक्षर स्त्रीचा नकार, अर्थगर्भ मौन, व्यवस्थेबाहेर टाकलेले पाऊल, असे बरेच काही आम्ही त्यातून काढले. लेख नावाजला गेला. पुढे दोन-तीन प्रबंधांत ते वाक्य आमच्या नावासह अवतरले. आत्याला अंक दाखवला तेव्हा तिने छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि चहा टाकायला उठली. 2003 साली ती गेली.

ताईच्या नातीला महाविद्यालयात तोच लेख वाचायला मिळाला आणि तिने तो घरी मोठ्याने वाचून दाखवला. तिथून हा फोन. आम्ही आधी शास्त्राने उत्तर दिले. घर सोडणे हे लाक्षणिक अर्थाने घ्यावे, मनाने घर सोडणे हेही सोडणेच, वगैरे. ताईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आई त्या घरातून एकदाच बाहेर पडली, चौघांच्या खांद्यावरून. बाकी तुझं तू बघ."

कॅसेटी उतरवून घेतलेल्या फाइली आमच्याकडे होत्या. संगणक मात्र बदललेला होता. म्हणजे डबा तोच, आतला संसार नवा. त्यावरच्या पूर्वीच्या प्रणालीचा नेहमीचा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, तिची पुढची आवृत्ती आमच्या जुन्या लॅपटॉपला झेपेना, म्हणून भाच्याने त्यावर डेबियन लिनक्स घातले आणि स्मरणशक्ती वाचावी म्हणून वर ओपनबॉक्स नावाचा अगदी हलका खिडकी-व्यवस्थापक बसवला. चालले झकास. लेखन होत होते, इनस्क्रिप्टमध्ये देवनागरी उमटत होती. फक्त कळफलकाच्या वरच्या ओळीत कर्ण्याची चित्रे असलेल्या ज्या तीन कळा होत्या, आवाज बंद, कमी आणि जास्त, त्या दाबल्या की काहीच होत नसे.

एवढ्याने अडायचे कारण काय, असे वाचक विचारतील. आवाज उंदराने वरखाली करता येतोच की. पण त्या ध्वनिफितीचे दुखणे निराळे होते. रेकॉर्डर आमच्या मांडीवर आणि आत्या चार हात दूर, भिंतीपाशी. त्यामुळे फितीवर आमचा आवाज गडगडतो आणि तिचा पुटपुटल्यासारखा येतो. त्यात त्या स्वस्तातल्या रेकॉर्डरांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी योजना असे. मोठा आवाज आला की यंत्र आपला कान आवरून घेई, आणि मग शांतता झाली तरी तो पूर्ववत उघडायला क्षणभर वेळ घेई. म्हणजे आम्ही प्रश्न विचारला की यंत्र बिचकायचे, आणि त्याच बिचकलेल्या क्षणी आत्या उत्तर द्यायची. आमचे प्रश्न सगळे ठणठणीत मुद्रित झालेले आणि तिची उत्तरे आमच्याच आवाजाच्या सावलीत. लिहून घेताना एक हात सतत आवाजावर हवा. उंदराकडे हात नेऊन, कोपऱ्यातली पट्टी शोधून, ती ओढून परत कागदावर येईपर्यंत शब्द निघून गेलेला असे. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. 'सोडलं' हा शब्द त्या हिशोबाने फितीवर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरांचा.

कळ बिघडली असावी असे आम्ही गृहीत धरले आणि भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, कळ बोलत नाही की तिचं कोणी ऐकत नाही, हे आधी बघा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत." मुलगा अभियंता आहे, आपण भाषाविज्ञान बोलतो आहोत हे त्याच्या गावीही नसावे.

त्याने एक्सईव्ही नावाची चिमुकली आज्ञा चालवायला सांगितली. ती एक पांढरी रिकामी खिडकी उघडते, आणि त्या खिडकीवर तुम्ही काहीही केले, कळ दाबली, सोडली, उंदीर हलवला, तरी त्याची इमानेइतबारे नोंद लिहीत जाते. आम्ही आवाज वाढवण्याची कळ दाबली. नोंद उमटली : कळ क्रमांक 123, नाव एक्सएफ86-ऑडिओ-रेझ-व्हॉल्यूम. कमी करण्याची 122. बंद करण्याची 121. कळा धडधाकट होत्या आणि स्वच्छ बोलत होत्या.

मग गंमत म्हणून इतर कळा दाबत बसलो, आणि त्या गमतीत अख्खी संध्याकाळ गेली. रोमन मांडणीत 'के'ची कळ दाबली, तर क्रमांक 45, नाव के. इनस्क्रिप्टकडे वळून तीच कळ दाबली, तर क्रमांक तोच 45 आणि अक्षर क. त्या कळीत ना 'के' आहे, ना 'क'. तिला फक्त आपला आकडा ठाऊक. आकड्याला नाव देणारा तक्ता वेगळा, आणि तो कोणता लावायचा हे ठरवणारे आम्ही. चिन्हाची यादृच्छिकता आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर झाडाचे चित्र काढून शिकवली. हाताशी कळफलक असताना झाड कशाला काढत होतो, कोण जाणे.

या आकड्यांनाही इतिहास आहे. लिनक्सच्या गाभ्यात आवाज वाढवण्याच्या कळीचा क्रमांक 115 आहे. वरच्या मजल्यावर, जिथे खिडक्या आणि चित्रे मांडली जातात त्या एक्स प्रणालीत, तो 123 होतो, कारण तिथले पहिले आठ आकडे, शून्य ते सात, राखीव ठेवलेले. म्हणून प्रत्येक कळीच्या आकड्यात आठ मिळवायचे. आणि नावातले ते 'एक्सएफ86' म्हणजे एक्सफ्री86 या प्रकल्पाची खूण. 2004 साली परवान्याच्या अटींवरून त्या प्रकल्पात फूट पडली, बहुतेक मंडळी एक्स.ऑर्ग या नव्या घरात गेली, जुने घर ओस पडले. नाव मात्र कळीला चिकटून राहिले. वड तोडून वर्षे झाली तरी एसटीचा थांबा 'वडाखाली'च राहतो, तसे. (काही संगणकांत याच्याही आधी अडते. कळीला गाभ्यातच क्रमांक नसतो. तेव्हा गाभा आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवतो की अनोळखी कळ दाबली गेली आहे, आणि तिची ओळख करून द्यायची असेल तर अमुक आज्ञा वापरा. यंत्राने इतक्या सभ्यपणे अज्ञान कबूल केलेले आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही; परिसंवादांत तर नाहीच.)

तर मग कळीचे घोडे अडले कुठे? कळ बोलली, तिला आकडा मिळाला, आकड्याला नाव मिळाले. पण 'आवाज वाढव' हे नाव उच्चारले गेले म्हणून आवाज वाढत नाही. ते नाव ऐकून उठणारा कोणीतरी नेमलेला असावा लागतो. ग्नोमसारख्या भरल्या घरात असा एक सेवक पडद्यामागे कायम बसलेला असतो. एक्सएफसीईतही त्याची सोय आहे. वापरणाऱ्याला तो असल्याचे कळतही नाही, आणि म्हणून कळीतच आवाज वाढवण्याची शक्ती आहे असा आपला समज होतो. ओपनबॉक्सच्या मोकळ्या घरात असे कोणी नव्हते. 123 क्रमांकाची कळ आम्ही दाबत होतो तितक्या वेळा आपले नाव सांगत होती आणि ते नाव रिकाम्या ओसरीवर पडत होते.

येथे सोस्यूर आठवल्यावाचून राहिला नाही. त्याच्या पुस्तकात भाषिक व्यवहाराची एक आकृती आहे. दोन डोकी समोरासमोर, एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानाकडे जाणाऱ्या रेषा, आणि पुन्हा उलट. ती आकृती आम्ही असंख्य वेळा काढली. काढताना पहिले डोके नीट काढायचो आणि दुसऱ्यासाठी फळ्यावर जागा उरायची नाही, मग ते कोपऱ्यात कसेबसे बसवायचो. ते पुस्तक तर सोस्यूरने स्वतः लिहिलेलेच नाही. त्याच्या मृत्यूनंतर, वर्गात बसून ऐकणाऱ्यांनी केलेल्या टिपणांतून ते 1916 साली सिद्ध झाले. ऐकणाऱ्यांच्या टिपणांतून घडलेले पुस्तक शिकवताना आम्ही ऐकणाऱ्यालाच कोपऱ्यात बसवले, हे ध्यानात यायला संगणकाची कळ लागावी, यात फारसे भूषण नाही.

पुढचे काम सुताराचे होते. ओपनबॉक्सची एक मांडणी-फाइल असते, आरसी.एक्सएमएल नावाची. तिच्यात कळफलकाच्या भागात तीन नोंदी लिहायच्या : अमुक नावाची कळ ऐकू आली की तमुक आज्ञा चालव. कळीचे नाव अक्षरशः बरोबर हवे. एक अक्षर लहानमोठे झाले तरी ओळख पटत नाही. मग ओपनबॉक्सला फाइल पुन्हा वाचायला सांगायचे. आम्ही हे सगळे केले आणि तरी काही झाले नाही.

म्हणजे झाले, पण भलतीकडे. एका जुन्या टिपणातून उचललेली आज्ञा आम्ही तशीच वापरली होती. ती अल्साच्या काळातली. अल्सा म्हणजे ध्वनियंत्रणेशी थेट बोलणारा गाभ्यातला थर. 1998 साली यारोस्लाव्ह किसेला यांनी त्याचे काम सुरू केले. त्या आज्ञेत 'पहिले ध्वनिपत्रक' असे आकड्याने लिहिलेले होते. आमचा श्रवणसंच यूएसबीचा, म्हणजे दुसऱ्या पत्रकावरचा. कळ दाबली की लॅपटॉपच्या पोटातल्या मुक्या कर्ण्यांचा आवाज आज्ञाधारकपणे वाढत होता आणि आमच्या कानांपर्यंत काहीच पोहोचत नव्हते. जुना सल्ला खोटा नव्हता. तो दुसऱ्या घराविषयीचा होता. मधल्या काळात अल्साच्या डोक्यावर पल्सऑडिओ आले, आणि नंतर त्याच्या जागी विम टायमन्स यांचे पाइपवायर. 2021 मध्ये फेडोरा 34 ने ते मूळ ध्वनिव्यवस्था म्हणून स्वीकारले, पुढे इतरांनीही. आता आज्ञा अशी द्यायची की 'सध्या ज्या मार्गाने आवाज जातो आहे तो मार्ग' वाढव. पत्रकाचा क्रमांक मधे आणायचाच नाही. भाच्याने आज्ञा अक्षर अक्षर सांगितली, आम्ही लिहिली, कळ दाबली, आणि 1994 च्या उन्हाळ्यातला पंखा कानात घरघरू लागला.

दोन बारकावे सांगितले पाहिजेत. पहिला टक्क्यांचा. पडद्यावर पन्नास टक्के दिसले म्हणजे ध्वनिलहरीची उंची निम्मी झाली असे नाही. तो आकडा घनाच्या हिशोबाने चालतो : निम्म्याचा घन म्हणजे एक-अष्टमांश. माणसाचा कान बेरजेने ऐकत नाही, पटीने ऐकतो, म्हणून ही तजवीज. दर दाबाला पाच टक्क्यांची पायरी सर्वत्र सुचवली जाते. आम्ही ती दोनावर आणली, कारण आत्याचा आवाज पाच टक्क्यांच्या पायरीत एकदम ओलांडला जात होता. दुसरा बारकावा शंभराच्या वरचा. यंत्राची पातळी संपल्यावरही सॉफ्टवेअरने आवाज ताणता येतो, मात्र फाटू नये म्हणून वरची हद्द नेमून द्यावी लागते. आम्ही ती दीडपट ठेवली. आवाजाबरोबर फितीची खरखरही तेवढीच वाढते, हे ओघानेच आले.

आता वाक्याकडे वळतो.

"मग म्या घर सो–लं." मधले अक्षर खरखरीत बुडालेले आहे. आम्ही ते 'ड' ऐकले होते. ताईचे म्हणणे पडले, "सोसलं म्हणाली असेल ती. घर सोसलं." ऐकता क्षणी आम्ही म्हणालो की असा वाक्प्रचार नाही, घर सोडतात, माणसे सोसतात. आणि म्हणता म्हणताच जीभ चावली. पाठचिकित्सेचा तास आम्ही बावीस वर्षे घेतला. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, 1966 साली पूर्ण झालेली, तिचे उदाहरण देऊन मुलांना सांगितले की दोन पाठांत जो अवघड तो मूळ असण्याचा संभव अधिक. कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा कोणी करीत नाही. समोर अवघड पाठ आला तेव्हा आम्ही लेखनिकासारखेच वागलो. त्यातून 'स' हा वर्ण ज्या उंच पट्टीत वसतो, तिथेच फितीची खरखर जोरात असते आणि साठी उलटलेला कानही तिथेच आधी दगा देतो. म्हणजे तो शब्द 'सोसलं' असता तरी आमच्यापर्यंत 'सोसलं' म्हणून येण्याची शक्यता कमीच होती.

पण 'स' आणि 'ड' यांचा निवाडा त्या जागी होणारच नव्हता. खरी जागा पुढची, तीन टिंबांची. त्या काळी मुलाखतकाराचे प्रश्न गाळून छापायची रीत होती, त्यामुळे टिंबांच्या जागी मुळात काय होते हे आम्ही स्वतःच विसरलो होतो. तिथे आमचा प्रश्न आहे, ठणठणीत : "म्हणजे घर सोडलंस तू?" तो शब्द प्रथम स्पष्ट उच्चारला तो आम्ही. त्यानंतर 1996 साली आम्हांला मौन ऐकू आले होते.

डाव्या हाताची बोटे 122 आणि 123 वर ठेवून आम्ही तो तुकडा वीसेक वेळा ऐकला. तिच्या वाक्याला 123. आमचा प्रश्न यायच्या अर्धा क्षण आधी 122, चार-पाच वेळा भराभर, नाहीतर कान बधिर होतात आणि पुढचे काहीच लागत नाही. प्रश्नाचे शेवटचे अक्षर संपताच पुन्हा 123, दाबून धरलेली. हे जमायला दोन दिवस लागले. स्वतःच्या आवाजाची चाहूल लागताच तो खाली करण्याचा सराव आयुष्यात प्रथमच केला. तिसऱ्या दिवशी, यंत्राचा आवरलेला कान हळूहळू उघडत असताना, खरखरीच्या तळातून आत्याचा आवाज आला. "सोडलं न्हवं रं. सो–" आणि त्यावर आमचाच पुढचा प्रश्न कोसळतो : "बरं, मग माहेरी कधी आलीस?"

नंतर तो तुकडा कापून, वेगळा उंचावून, खरखर गाळून, तऱ्हेतऱ्हेने ऐकला. "सोडलं न्हवं रं" एवढे निःसंशय लागते. भाच्याला आणि ताईच्या नातीला काही न सांगता ऐकवले, दोघांनीही तेच लिहून दिले. त्यापुढे 'सो' आणि मग आम्ही. एकाच पटीवर मुद्रित झालेले दोन आवाज, एक मांडीजवळचा आणि एक भिंतीकडे तोंड करून बोललेला. त्यांना वेगळे करणारी कळ आमच्या कळफलकावर नाही. माहेरी कधी आलीस, या प्रश्नाला आत्याने उत्तर दिलेले नाही. शेंगा फुटल्याचा आवाज येतो.

ताईला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "मी म्हणत होते की नाही? सोसलंच. दुसरं काय म्हणणार ती? आता तसं छाप." आम्ही म्हटले, ताई, तू म्हणतेस ते बरोबरच असेल, पण ते तू म्हणतेस, फितीवर 'सो'च्या पुढे तिचा शब्द नाही. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा नाही एवढा विचार केलास तो?"

ज्या त्रैमासिकात लेख आला होता ते आता निघत नाही. ज्यांच्या प्रबंधांत ते वाक्य गेले त्यांपैकी दोघांचे पत्ते मिळाले, त्यांना पत्रे घातली आहेत. जो कोणी तो लेख यापुढे वर्गात नेईल त्याच्यासाठी दुरुस्त पाठ येथे नोंदवतो. प्रश्न गाळलेले नाहीत, आणि चौकटी कंसातली जागा रिकामी ठेवली आहे, ती भरू नये ही विनंती.

आत्या : मग म्या घर सो[ ]लं.
आम्ही : म्हणजे घर सोडलंस तू?
आत्या : सोडलं न्हवं रं. सो[ ]
आम्ही : बरं, मग माहेरी कधी आलीस?